निवडक ऑक्सिडीकरण : निसर्गाकडून घ्यावयाचा एक धडा

(महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत वाचलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानांत एक तरी शास्त्रीय विषयावर असावे, असा आग्रह चिटणिसांनी धरला आणि ते काम आमच्याकडे सोपविले. आम्ही शाळेत रसायनशास्त्र शिकविणारे शिक्षक आहोत, संशोधक नव्हे. नवा शोध आपल्यापुढे मांडण्याचा आमचा अधिकार नाही. थोरांनी जे शोधून ठेविले ते नीट समजून घ्यावे व आपल्या भाषेत चारचौघांपुढे ठेवावे, एवढीच आमची भूमिका आहे. विषयाचे नाव जरा अवजड आहे. पण ज्या वस्तूंविषयी तो आहे त्या आपल्या घरातल्याच आहेत.

स्वयंपाकघरातील सिलिंडरचा गॅस, गाडीतील पेट्रोल, मेणबत्तीचे मेण, गोबरगॅसमधील ज्वलनशील वायू या साऱ्यांचा पाया एकच. कार्बन आणि हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांपासून बनलेल्या संयुगांना आपण हायड्रोकार्बन म्हणतो. त्यांतील सर्वांत साधे म्हणजे मिथेन : मध्ये कार्बनचा एक अणू आणि त्याभोवती हायड्रोजनचे चार. या संयुगांचा प्राणवायूशी संयोग घडविणे म्हणजे त्यांचे ऑक्सिडीकरण. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनमध्ये मुलांपुढे एका साध्या मेणबत्तीवर व्याख्यानांची मालाच गुंफली होती, ती याच क्रियेवर. मेणबत्ती जळते तेव्हा हायड्रोकार्बनचे संपूर्ण ऑक्सिडीकरण होते. हाती उरतो तो कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता. उष्णताच हवी असेल तेव्हा हे ठीक आहे. पण मिथेनपासून मेथॅनॉल करावयाचे असेल, म्हणजे चार हायड्रोजनांपैकी एकाच्याच जागी प्राणवायूचा एक अणू बसवून तेथेच थांबावयाचे असेल, तर काय करावे ? आजच्या भाषणाचा प्रश्न तो हाच.

प्रथम एका गोष्टीचे नवल वाटावयास हवे. आपल्या भोवतालच्या हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू आहे. या सभागृहातील खुर्च्या, पडदे, कागद, आपल्या अंगावरचे कपडे, किंबहुना आपण स्वतः, सारे प्राणवायूशी संयोग पावण्याजोगेच आहोत. तरीही काडी लावल्यावाचून काही पेटत नाही. असे का ? याचे उत्तर प्राणवायूच्या रेणूच्या घडणीत आहे. बहुतेक पदार्थांच्या रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात. प्राणवायूच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. जोडीने राहणाऱ्यांशी त्याचा सहजासहजी मेळ बसत नाही, म्हणून सामान्य तापमानाला ही क्रिया अडून राहते. उष्णता दिली की हा अडसर मोडतो. पण मग क्रिया कोणाचे ऐकत नाही. लोह, तांबे, मँगनीज यांसारखे धातू हा अडसर दुसऱ्या मार्गाने दूर करतात. त्यांना एकेक इलेक्ट्रॉन देता व घेता येतो, म्हणून ते मध्यस्थाचे काम करतात. क्रिया घडवून आणावी पण स्वतः खर्ची पडू नये, अशा मध्यस्थाला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध फार मजबूत असतो. तो तोडण्यास एका मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते. मेथॅनॉलमधील तसाच बंध सुमारे ४०२ किलोज्यूलमध्ये तुटतो. अर्थ असा की, जे साधन मिथेनला हात घालण्याइतके बळकट आहे, त्याला मेथॅनॉल त्याहून सोपे सावज वाटते. मेथॅनॉलचे फॉर्माल्डिहाइड होते, त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, आणि अखेर सारे कार्बन डायऑक्साइडमध्ये जाते. पहिली पायरी सर्वांत अवघड आणि पुढच्या पायऱ्या घसरणीच्या, असा हा जिना आहे.

या पायऱ्या केवळ परीक्षानळीत नाहीत, हेही सांगावयास हवे. मेथॅनॉल पोटात गेले तर आपल्या यकृतात त्याचे याच क्रमाने फॉर्माल्डिहाइड व फॉर्मिक ॲसिड होते, आणि त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे आणि २०२२ च्या जुलैत गुजरातेत बोटाद भागात विषारी दारूने जे बळी घेतले, त्यांच्या मुळाशी हेच मेथॅनॉल होते. ज्याला आपल्याकडे लठ्ठाकांड म्हणतात त्याचे रसायनशास्त्र हे असे आहे. विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवावे आणि घरोघर सांगावे.

आता पायरीवर थांबण्याची कला पाहू. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या असतो. काहिलीत रस उकळत असतो. गुळव्या त्याचा रंग, वास, तार पाहतो आणि नेमक्या घटकेला काहील चुलाणावरून उतरवितो. घटकाभर उशीर झाला तर गूळ करपतो. आमच्या मोठमोठ्या कारखान्यांनाही आजवर बहुधा हाच मार्ग धरावा लागला आहे : क्रिया फार पुढे जाण्याआधी काहील उतरवावयाची.

नायलॉनचे उदाहरण घ्या. नायलॉनसाठी लागणारा कच्चा माल सायक्लोहेक्झेन नावाच्या हायड्रोकार्बनपासून मिळतो. सहा कार्बनांचे हे एक वलय आहे. कोबाल्टच्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्यावर दाबाखाली गरम हवा सोडतात आणि सायक्लोहेक्झॅनॉल व सायक्लोहेक्झॅनोन मिळवितात. यांपासूनच पुढे कॅप्रोलॅक्टम होते, आणि ते आपल्या बडोद्याजवळही तयार होते. परंतु एका फेरीत शेकडा चार-पाच भागांहून अधिक सायक्लोहेक्झेनला क्रिया करू देत नाहीत. अधिक होऊ दिले तर हाती आलेला मालच पुढे जळू लागतो. राहिलेले पंचाण्णव भाग वेगळे काढून पुन्हा आरंभी आणावे लागतात. म्हणजे थोड्याशा मालासाठी प्रचंड प्रमाणावर तप्त आणि ज्वालाग्राही द्रव नळांतून सतत फिरता ठेवावा लागतो.

याची किंमत कोणती असू शकते, ते १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे दिसले. तेथे सायक्लोहेक्झेनच्या ऑक्सिडीकरणाची सहा पात्रे एकापुढे एक लावलेली होती. पाचव्या पात्राला तडा गेला म्हणून ते काढले आणि चौथे व सहावे एका तात्पुरत्या नळाने जोडले. तो नळ फुटला. सुमारे दीडशे अंशांहून अधिक तापलेला द्रव वाफ होऊन बाहेर पसरला आणि पेटला. अठ्ठावीस माणसे मृत्युमुखी पडली. शनिवार असल्याने कचेरीत माणसे थोडी होती. नाही तर आकडा याहून कितीतरी मोठा झाला असता. दोष त्या नळाचा, हे खरेच. तथापि इतका मोठा साठा फिरता ठेवावा लागला तो मुळात उत्प्रेरकाला नेमकेपणा नव्हता म्हणून. नेमकेपणा ही केवळ विद्वानांच्या कौतुकाची बाब नाही, हे यावरून कळून येईल.

मिथेनच्या बाबतीत तर कारखाने सरळ मार्गाने जातच नाहीत. निकेलच्या उत्प्रेरकावर आठशे-नऊशे अंश तापमानाला वाफेच्या साहाय्याने मिथेन प्रथम पार मोडून टाकतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतो. मग तांबे व जस्त यांच्या उत्प्रेरकावर, पन्नास ते शंभर पट वातावरणाच्या दाबाखाली, त्या दोहोंपासून मेथॅनॉल जुळवितात. एक खिडकी बसविण्यासाठी आधी सारे घर पाडावे आणि मग पुन्हा बांधावे, असा हा व्यवहार आहे. तो चालतो, जगाला मेथॅनॉल पुरवितो. पण त्याला मोठे भांडवल आणि मोठा जाळ लागतो.

आणि इकडे चिखलात राहणारा एक जंतू हेच काम चाळीस-पंचेचाळीस अंशांवर, साध्या दाबाखाली, हवेतील प्राणवायू घेऊन करीत असतो !

मिथेनवर जगणारे जंतू आहेत, हे १९०६ साली सोन्गेन या डच शास्त्रज्ञाने दाखविले. भातखाचरे, दलदली, कचऱ्याचे ढीग येथे मिथेन तयार होतो. त्यातला बराचसा हवेत निसटण्यापूर्वी हे जंतू फस्त करतात. त्यांतील फार अभ्यासलेली एक जात इंग्लंडमधील बाथ गावच्या, रोमन लोकांच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून मिळाली. या जंतूंजवळ मिथेन मोनोऑक्सिजिनेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम : सजीवांनी प्रथिनापासून घडविलेला उत्प्रेरक. याचे दोन प्रकार आहेत. एकाच्या गाभ्याशी लोहाचे दोन अणू शेजारी शेजारी बसविलेले असतात. त्याची रचना १९९३ साली एमी रोझेन्झ्वाइग व स्टीफन लिपर्ड यांनी प्रकाशात आणली. दुसऱ्यात तांबे असते; त्याची रचना २००५ साली कळली, परंतु त्यातील नेमके कोणत्या ठिकाणचे तांबे काम करते यावर तज्ज्ञांत पुढेही वाद होत राहिला.

असेच दुसरे एक विकरकुल आपल्या स्वतःच्या शरीरात आहे. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

पूर्वी शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, शरीरात ऑक्सिडीकरण होते ते केवळ हायड्रोजन काढून घेतल्याने. हवेतील प्राणवायूचा अणू प्रत्यक्ष अन्नघटकात शिरत नाही. हाइनरिख वीलांट यांच्यासारख्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याचे वजन या मताच्या पाठीशी होते. १९५५ साली जपानी शास्त्रज्ञ ओसामू हायाइशी आणि अमेरिकेतील हॉवर्ड मेसन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक सरळ प्रयोग केला. प्राणवायूचा सामान्य अणू वस्तुमानाने १६. पण १८ वस्तुमानाचा भारी प्राणवायूही मिळतो. हवेऐवजी तो भारी प्राणवायू विकराला पुरविला आणि तयार झालेल्या पदार्थात तो आला की नाही, ते पाहिले. तो आला होता. एका खुणेने फार जुना वाद मिटला. आम्ही वर्गात हा प्रयोग आवर्जून सांगतो. मोठ्या माणसाच्या शब्दापेक्षा एका खुणावलेल्या अणूची साक्ष अधिक, हे मुलांना त्यातून समजते.

पुढे १९६२ साली त्सुनेओ ओमुरा व र्‍यो सातो यांनी यकृतातील एका रंगद्रव्याला पी-४५० हे नाव दिले. कार्बन मोनॉक्साइड जोडला असता ते ४५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश शोषून घेते, म्हणून हे नाव. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये जे हीम असते, म्हणजे एका सपाट वलयाच्या मध्यभागी बसविलेला लोहाचा अणू, तेच येथेही आहे. फरक खालच्या आधारात आहे. हिमोग्लोबिनमध्ये लोहाला खालून नत्राचा आधार असतो, येथे गंधकाचा. तेवढ्याने स्वभाव पालटतो. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते व जसाच्या तसा पोहोचविते. पी-४५० त्याचे दोन तुकडे करते.

या कुलातील एका विकराची तपासणी सर्वांत बारकाईने झाली, आणि त्याचे भक्ष्य आहे आपल्या घरातला कापूर. अमेरिकेतील इलिनॉय येथे गन्सालस व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापरावर जगणारा एक जंतू अभ्यासला. कापराच्या रेणूत दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन आहेत. हे विकर त्यांतील एकाच ठरावीक कार्बनाच्या, एकाच ठरावीक बाजूच्या हायड्रोजनच्या जागी प्राणवायू बसविते. दुसरीकडे चुकूनही नाही.

हे कसे साधते ? विकराच्या पोटात कापराच्या मापाचा एक कप्पा असतो. कापूर आत येऊन बसला म्हणजे तेथील पाणी बाहेर सरते आणि मगच लोहाला पहिला इलेक्ट्रॉन मिळतो. त्यानंतर प्राणवायू येऊन चिकटतो. दुसरा इलेक्ट्रॉन मिळतो, दोन प्रोटॉन येतात, आणि प्राणवायूचा रेणू दुभंगतो. त्याचा एक अणू पाणी होऊन निघून जातो. दुसरा लोहाला चिकटून राहतो. ही जी अवस्था, तिच्याइतके दाहक दुसरे काही शरीरात क्वचितच असेल. ती इतकी क्षणभंगुर आहे की, पी-४५० मध्ये तिला निःसंशय पकडण्यास २०१० साल उजाडावे लागले. ते काम रिटल व ग्रीन या दोघांनी केले. हा लोहावरचा प्राणवायू समोरच्या कार्बनाचा हायड्रोजन ओढून घेतो, आणि लगेच ती हायड्रोजन-प्राणवायूची जोडी त्याच कार्बनावर परत उडी घेते. तयार झालेला पदार्थ कप्प्यात नीट बसेनासा होतो व बाहेर पडतो. गुळव्याप्रमाणे घटका मोजीत बसण्याची येथे गरज नाही. ज्याचे काम झाले त्याला आतच राहू द्यावयाचे नाही, ही व्यवस्था रचनेतच आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. भक्ष्य आत आल्याखेरीज अग्नी चेततच नाही. रिकाम्या घरात चूल पेटवून ठेवण्याची चूक हे विकर करीत नाही. त्यामुळे त्या अग्नीने विकर स्वतः सहसा जळत नाही.

निसर्गाची बाजू केवळ गोडच आहे असे मात्र कोणी समजू नये. विडी-सिगारेटच्या धुरात बेंझोपायरीन नावाचे हायड्रोकार्बन असते. शरीरातील पी-४५० विकरे ते बाहेर टाकण्याच्या खटपटीत त्यावर प्राणवायू चढवितात, आणि त्यातून जो पदार्थ होतो तो पेशीतील डीएनएला जाऊन चिकटतो. कर्करोगाची एक वाट तेथून निघते. साधन तेच, पण समोर काय ठेविले यावर परिणाम अवलंबून राहतो.

नेमकेपणाचे मोल औषधांच्या बाबतीत किती, याचे एक जुने उदाहरण देतो. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या रोग्याला कॉर्टिसोन प्रथम दिले गेले आणि त्याचा गुण पाहून वैद्यकजगत थक्क झाले. पण हे औषध प्राण्यांच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी करावे लागे. सारी अडचण एका अणूची होती : सांगाड्यातील अकराव्या कार्बनावर प्राणवायू बसविणे. १९५२ साली पीटरसन व मरे यांनी दाखविले की, रायझोपस जातीची बुरशी हे काम एका पायरीत करते. आपल्या शिळ्या भाकरीवर येते त्याच गोतावळ्यातली ही बुरशी. औषध स्वस्त होऊन सामान्य रोग्याच्या आवाक्यात आले ते त्यानंतर.

मग प्रश्न असा की, जंतू व बुरशी हे करतात तर माणसाला ते का करता येऊ नये ? सर्वत्र जंतूच का वापरू नयेत ? वापरतातही. २०१८ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या फ्रान्सेस आर्नोल्ड यांनी विकरांनाच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हवे तसे वळविण्याची रीत घालून दिली, आणि त्यांत पी-४५० ही होते. परंतु विकर हे मोठे, नाजूक प्रथिन. उष्णता, तीव्र द्रावक यांपुढे ते टिकत नाही. शिवाय प्रत्येक फेरीला त्याला इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. म्हणून काही रसायनशास्त्रज्ञांनी विचार केला : प्रथिनाचा सारा वाडा नको, त्याच्या गाभ्यातले देवघर तेवढे उचलू.

नुसते लोह घेऊन भागत नाही, हे आधीच ठाऊक होते. १८९४ साली फेंटन यांनी लोहाचा क्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण किती प्रखर ऑक्सिडीकारक आहे ते दाखविले. त्यातून जे हायड्रॉक्सिल मूलक निघतात ते समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात. बळ आहे, विवेक नाही. तेव्हा लोहाभोवती कुंपण हवे.

१९७९ साली जॉन ग्रोव्ह्‌ज यांनी हीमसारखेच एक कृत्रिम वलय घेऊन त्यात लोह बसविले, आणि आयडोसोबेंझीन या पदार्थाकडून प्राणवायू पुरवून हायड्रोकार्बनांवर तो चढविला. नक्कल साधली, पण थोड्याच फेऱ्यांत वलय स्वतःच जळू लागले. एका रेणूचा अग्नी शेजारच्या रेणूला लागे, कारण मध्ये प्रथिनाची भिंत नव्हती. मग वलयाच्या कडेला क्लोरीन व फ्लोरीनचे अणू लावून त्याला अग्निरोधक कवच चढविण्यात आले, आणि त्याचे आयुष्य वाढले.

दुसरी वाट दोन लोहांच्या विकरांवरून व त्यांच्या भावंडांवरून सुचली. तीत हीमचे वलय नाहीच. २००७ साली इलिनॉय विद्यापीठात मार्क चेन व क्रिस्टिना व्हाइट यांनी नत्राच्या चार हातांनी धरलेल्या लोहाचे एक संयुग प्रसिद्ध केले. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडे ॲसेटिक ॲसिड एवढ्या साहित्यावर ते अनेक हायड्रोजनांमधून एक निवडते. कापराच्या मापाचा कप्पा त्याला नाही. ते पाहते ते एवढेच की, कोणत्या बंधात इलेक्ट्रॉनांची समृद्धी अधिक आहे आणि कोठे गर्दी कमी आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या गुंतागुंतीच्या रेणूवरही त्यांनी नेमकी एक जागा साधली. मात्र शंभर रेणूंमागे उत्प्रेरकाचे पाच रेणू, असे तीन वेळा घालावे लागले. विकराचा एक रेणू हजारो फेऱ्या करतो. येथे फेऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तिसरी वाट दगडातून जाते, आणि तिचा आपल्या मुलखाशी संबंध आहे. जिओलाइट या नावाचा अर्थ उकळणारा दगड. तापविला की तो पाण्याची वाफ सोडतो, म्हणून १७५६ साली क्रोनस्टेट यांनी हे नाव ठेविले. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशा जिओलाइटांचे सुंदर स्फटिक सापडतात आणि ते जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. त्यांच्या अंगभर रेणूच्या मापाच्या खोल्या व बोळ असतात. उत्प्रेरकासाठी कारखान्यात घडविलेले जिओलाइट वापरतात. पण तत्त्व तेच. प्रथिनाच्या कप्प्याऐवजी दगडाची खोली !

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात याच वाटेने काम केले. शाईत व रंगात जो निळा थॅलोसायनीन रंग असतो त्याच्या जातीची तांब्याची संयुगे त्यांनी जिओलाइटच्या खोल्यांत कोंडली. रसायनशास्त्रज्ञ याला बाटलीतले जहाज म्हणतात. प्रत्येक रेणू स्वतंत्र खोलीत राहिल्याने शेजाऱ्याला जाळण्याची सोय उरत नाही. मिथेनच्या ऑक्सिडीकरणाचे प्रयोगही त्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. पुढे २००५ साली बेल्जममधील लूव्हेनच्या शास्त्रज्ञांनी जिओलाइटमधील तांब्याच्या जोड्यांवर प्राणवायू बसविला आणि सुमारे १२५ अंशांवर मिथेनपासून मेथॅनॉल मिळविले. पण तेथेही एक गाठ आहे. तयार झालेले मेथॅनॉल तांब्याला घट्ट धरून बसते. पाण्याने ते सोडवावे, जिओलाइट पुन्हा तापवावा, पुन्हा प्राणवायू द्यावा, अशी तीन टप्प्यांची रहाटगाडगी करावी लागते. आणि एक ग्रॅम दगडामागे मिळणारे मेथॅनॉल मायक्रोमोलमध्ये मोजावे लागते.

आता कोणी व्यवहारी गृहस्थ विचारतील, मग या खटाटोपाचे फळ काय ? सरळ मिथेनपासून मेथॅनॉल करणारा मोठा कारखाना या मार्गाने अद्याप उभा राहिलेला नाही. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे तर ते बाजारात सामान्यतः मेथॅनॉलहून महाग. सोने खर्चून पितळ घेतल्यासारखे होते. हवेतील प्राणवायूच वापरावा तर दुभंगलेल्या रेणूचा दुसरा अणू कोठे तरी खपवावा लागतो. शिवाय या क्षेत्रात फसगत सोपी आहे. पात्रात मेथॅनॉल सापडले, पण त्याचा कार्बन मिथेनमधून आला की द्रावक जळून, की उत्प्रेरकच झिजून आला ? म्हणून १३ वस्तुमानाच्या कार्बनाची खूण केलेले मिथेन घालून पडताळा घ्यावा लागतो. १९५५ सालचीच ती खुणावलेल्या अणूची साक्ष ! ज्या यशाचा असा पडताळा घेतलेला नाही, त्याची बातमी कितीही मोठ्या अक्षरांत छापली तरी जाणत्याने थांबून वाचावी.

फळ कशात आहे तेही पाहू. तेलविहिरींतून तेलाबरोबर जो वायू येतो, तो जेथे नळ नाहीत तेथे जागच्या जागी जाळून टाकतात. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात असा सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. भारत वर्षभरात जितका नैसर्गिक वायू वापरतो त्याच्या दुपटीहून हे अधिक. न जाळता सोडावा तर अधिकच वाईट. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता कोंडून धरतो. मिथेन द्रवरूप करावयास उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. मेथॅनॉल मात्र साध्या तापमानाला द्रवच असते. पिंपात भरावे आणि न्यावे. विहिरीच्या तोंडाशी बसेल एवढे लहान, थंड व नेमके साधन हाती आले, तर आज आभाळात जाणारी ती संपत्ती उपयोगी पडेल. शेणखताच्या खड्ड्यातील वायूलाही तोच न्याय. आणि त्यासाठी लागतील ते धातू लोह आणि तांबे. प्लॅटिनम किंवा पॅलेडियम नव्हे. गरीब देशाला हा फरक लहान नाही.

औषधांच्या क्षेत्रात तर थोडे फळ हाती आलेही आहे. एरिक जेकबसन यांनी १९९० च्या सुमारास मँगनीजचा जो उत्प्रेरक तयार केला, त्याची स्फूर्ती याच हीम-विकरांची. तो प्राणवायूचा अणू रेणूच्या डाव्या बाजूस बसवावा की उजव्या, हे निवडतो. एड्‌सवरील इंडिनाविर या औषधाच्या निर्मितीत त्याचा उपयोग झाला. तेव्हा सारे काही पुढेच आहे असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द बोलून आम्ही आवरते घेतो. मेणबत्ती पेटविणे कोणालाही जमते. विकराने जे साधले ते वेगळे आहे : अत्यंत प्रखर अग्नी हाती घ्यावा, तो नेमक्या जागी लावावा, आणि पहिल्याच पायरीवर थांबावे. ते शिकावयास रसायनशास्त्रज्ञांची तिसरी पिढी झटत आहे आणि काम अपुरे आहे. अपुरे आहे म्हणूनच ते तुमच्यासाठी उरलेले आहे. त्यात बाथच्या झऱ्यातील जंतू आहे, कापूर आहे, शिळ्या भाकरीवरची बुरशी आहे, आपल्या डोंगरातला दगड आहे. यांतली कोणतीही वस्तू तुम्हांला परकी नाही. मराठीतून शिकलेल्या मुलाला ती समजणार नाही, असेही नाही.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने किंवा मुलीने रसायनशास्त्र घेतले तर नोकरी केव्हा लागणार हे पहिल्याच दिवशी विचारू नये. १९०६ साली चिखलातील जंतू दिसला. त्याच्या विकराची रचना कळावयास १९९३ साल उजाडले. अशी कामे सवडीने, पोटाला चिमटा घेऊन, आणि कोणी तरी पाठीशी उभे राहिले म्हणून होतात. ज्या संस्थेच्या महोत्सवाला आपण जमलो आहोत, तिने असे पाठीशी उभे राहण्याचे काम आजवर केले आहे. ते पुढेही तिच्याकडून घडो, अशी आमची सदिच्छा आहे.